मोठ्या, महागड्या शहरात भाड्याचा फ्लॅट: आधी एरिया ठरवा, मग घर बघा

नवीन शहरात नोकरी लागली किंवा अ‍ॅडमिशन मिळाली की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर एखादं अ‍ॅप उघडतात, भाड्याचा आकडा टाकतात आणि फोटो बघत बसतात. दोन तासांत वीस फ्लॅट शॉर्टलिस्ट होतात आणि त्यातला एकही कुठल्या भागात आहे, तिथून रोजचं जाणं-येणं कसं होणार, याचा पत्ता नसतो. मग जॉइनिंगची तारीख जवळ आली की घाईघाईत त्यातलाच एक घेतला जातो आणि पुढचं वर्षभर माणूस रस्त्यात असतो.

मी या सगळ्यातून गेलोय, आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना घर शोधायला मदत केलीये. त्यावरून एक गोष्ट अगदी ठाम सांगेन, एरिया आधी आणि फ्लॅट नंतर. घरातला पंखा बदलता येतो, पडदे लावता येतात, मालकाशी बोलून रंगसुद्धा करून घेता येतो, पण घर जिथे आहे तिथून हलवता येत नाही. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने गेलात तर बरीच धावपळ वाचेल.

१. बजेट काढा, पण नुसतं भाड्याचं नको

पगाराच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको असं तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. हा आकडा आला कुठून ते माहीत असलेलं बरं. अमेरिकेत सरकारी घरांमधल्या भाडेकरूंसाठी १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्के अशी मर्यादा कायद्याने घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. म्हणजे तो एका देशाच्या एका योजनेचा नियम आहे, तुमच्या पगारासाठी आणि तुमच्या शहरासाठी कोणी बसून काढलेला नाही. महागड्या शहरात सुरुवातीच्या पगारात तो पाळणं कित्येकांना जमतच नाही, आणि जमवायच्या नादात लोक इतके लांब जातात की वाचलेलं भाडं प्रवासात जातं.

त्यापेक्षा तीन आकड्यांची बेरीज धरा: भाडं, महिन्याचा प्रवासखर्च, आणि घराची बिलं (वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, मेंटेनन्स). समजा तुमचा पगार १०० आहे. लांबच्या फ्लॅटचं भाडं २६ आणि प्रवास ८, जवळच्याचं भाडं ३३ आणि प्रवास २. कागदावर भाड्यात ७ चा फरक दिसतो, प्रत्यक्षात फरक फक्त १ चा आहे, आणि त्या १ साठी तुम्ही रोज किती तास देणार ते अजून मोजलेलंच नाही. ही आकडेमोड प्रत्येक एरियासाठी वेगळी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

जाहिरातीतल्या भाड्यात काय काय धरलंय तेही पहिल्याच फोनवर विचारा. मेंटेनन्स आत की बाहेर, पाणी आत की बाहेर, पार्किंगचे वेगळे का, हीटिंग किंवा एसी असेल तर त्याचं बिल कोण भरणार. दोन फ्लॅटची तुलना करायची तर दोन्हीकडचा आकडा सगळं धरून हवा.

आणि हातात रोख किती लागेल ते आधीच बघून ठेवा. पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट, ब्रोकर असेल तर त्याची फी, सामान हलवायचा खर्च, गादी-भांडी-बादली सारख्या वस्तू, हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं आणि पहिला पगार अजून लांब असतो.

२. आल्या आल्या वर्षाचं अ‍ॅग्रीमेंट करू नका

जमत असेल तर पहिले तीन-चार आठवडे तात्पुरती सोय करा. हॉस्टेल, पेइंग गेस्ट, कंपनीचं गेस्ट हाऊस, नातेवाईक, ओळखीच्याच्या घरातली रिकामी खोली, काहीही चालेल. थोडं महाग पडलं तरी चालेल, कारण या काळात तुम्ही शहर बघताय. ऑफिसात लोक कुठून येतात, कोण कंटाळून येतं आणि कोण फ्रेश येतं, कुठल्या लाइनबद्दल रोज तक्रारी असतात, हे आठवडाभरात आपोआप कानावर पडतं. दुसऱ्या गावात बसून व्हिडिओ कॉलवर बघितलेला फ्लॅट एक वर्षासाठी घेणं हा मोठा जुगार आहे, अगदीच इलाज नसेल तर विश्वासातल्या कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवा आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती, कमीत कमी ठेवा.

३. प्रवास मोजा, दारापासून दारापर्यंत

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

जाहिरातीत असतं 'स्टेशनपासून ५ मिनिटं'. कुणाची ५ मिनिटं, गाडीने की पायी, सिग्नल धरून की सोडून, काहीच माहीत नसतं. आणि स्टेशन गाठलं म्हणजे ऑफिस गाठलं असंही नाही. खरा वेळ असा मोजायचा: घराच्या दारातून लिफ्टने खाली, तिथून स्टॉप किंवा स्टेशन, जिना चढून प्लॅटफॉर्म, गाडीची वाट, प्रवास, मध्ये गाडी बदलायची असेल तर तो पूल किंवा बोगदा आणि परत वाट बघणं, उतरून ऑफिसपर्यंत चालणं आणि तिथल्या लिफ्टची रांग. नकाशावर ३५ मिनिटं दिसणारा प्रवास असा मोजला की सहज ५५ पर्यंत जातो.

यात लोक एक गोष्ट नेहमी विसरतात, ती म्हणजे गाडी किती वेळाने येते. दर २० मिनिटांनी बस असेल आणि तुम्ही वेळापत्रक न बघता गेलात तर सरासरी १० मिनिटं वाट बघण्यातच जाणार, दर ४ मिनिटांनी असेल तर २ मिनिटं. म्हणून थोडी हळू पण सतत येणारी गाडी ही वेगवान पण क्वचित येणाऱ्या गाडीपेक्षा रोजच्या माणसाला जास्त उपयोगी पडते. आणि प्रत्येक अदलाबदल म्हणजे उशीर व्हायची एक जास्तीची संधी, पहिली गाडी तीन मिनिटं लेट झाली की दुसरी सुटते. एक गाडी बदलून ४० मिनिटं आणि थेट ४५ मिनिटं असे दोन पर्याय असतील तर मी डोळे मिटून थेटवाला घेईन.

आता हिशोब. एका बाजूला अर्धा तास जास्त, म्हणजे दिवसाला एक तास. महिन्यात २२ दिवस कामाचे धरले तर २२ तास, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची अख्खी ड्यूटी तुम्ही फुकट करताय. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये एक निबंध लिहिला होता, त्यात त्यांनी असं मांडलं की माणसं कुठल्याही काळातली आणि कुठल्याही शहरातली असोत, दिवसाला साधारण एक तास जाण्यायेण्यात घालवतात, वाहनं वेगवान झाली की वेळ वाचवत नाहीत तर आणखी लांब राहायला जातात. प्रत्येकाला हे तंतोतंत लागू होईल असं नाही, पण जाऊन-येऊन एक तास ही अंदाज घ्यायला चांगली खूण आहे. मोठ्या शहरात दीड तासापर्यंत माणूस चालवून घेतो. रोजचे तीन तास व्हायला लागले की आधी झोप जाते, मग व्यायाम, मग मित्र.

मोजायचं कसं: गूगल मॅप्समध्ये 'आत्ता निघालो तर' असा वेळ बघू नका. कामाचा वार निवडा, पोहोचायची वेळ टाका, उदाहरणार्थ मंगळवारी सकाळी साडेनऊला पोहोचायचं, आणि मग बघा. परतीचाही वेगळा बघा, संध्याकाळची गर्दी वेगळी असते. आणि ज्या दोन-तीन एरियांवर मन बसतंय तिथून एकदा तरी खरोखर गर्दीच्या वेळी ऑफिसपर्यंत जाऊन बघा. सकाळी पावणेनऊला प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की कळतं, पहिल्या गाडीत चढता येतं की दोन सोडाव्या लागतात, बसायला मिळतं की एका पायावर उभं राहायचं. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये दिसत नाही.

काही बारीक गोष्टी ज्यांनी खूप फरक पडतो:

गाडी जिथून सुटते त्या टोकाच्या किंवा त्याच्या जवळच्या स्टेशनला राहिलात तर बसायला जागा मिळते, आणि बसून ५० मिनिटं हे उभं राहून ३५ पेक्षा कितीतरी सुसह्य आहे, पुस्तक वाचता येतं, झोप काढता येते.

गर्दीच्या उलट्या दिशेने ऑफिस असेल तर तुम्ही नशीबवान, त्याचा फायदा घ्या. ऑफिस शहराच्या कडेला असेल तर मध्यभागाच्या बाजूला घर बघून उलटं जाणं परवडतं का ते तपासा.

एकच लाइन बंद पडली की तुम्ही घरीच, असा एरिया टाळा. दुसरा काहीतरी मार्ग हवा, बस का होईना.

शेवटची गाडी किती वाजता? शिफ्ट असेल, किंवा मित्रांबरोबर रात्री उशीर होत असेल तर हे आधी बघा, नाहीतर दर वेळी टॅक्सीचे पैसे मोजावे लागतील.

घरून काम किती दिवस आहे ते धरून हिशोब करा. आठवड्यात दोनच दिवस जायचं असेल तर लांब राहणं समजण्यासारखं आहे, फक्त कंपनीचं धोरण बदलू शकतं हे लक्षात ठेवा.

आणि दोघं कमावणारे असाल तर दोन ऑफिसांच्या बरोबर मधला बिंदू शोधण्यापेक्षा दोघांनाही थेट गाडी मिळेल अशी जागा शोधा. एकट्यासाठीही मी हेच म्हणेन. ऑफिसच्या अगदी शेजारी घर घेण्यापेक्षा दोन-तीन लाइन जिथे मिळतात अशा जंक्शनच्या आसपास घेतलं तर उद्या नोकरी बदलली तरी घर बदलावं लागत नाही.

४. नकाशावर तीन एरिया निवडा, आणि स्वस्त का आहे ते शोधा

आता नकाशावर ऑफिसपासून तुमच्या ठरलेल्या वेळेत जिथून पोहोचता येतं अशी स्टेशनं आणि स्टॉप लिहून काढा. अंतराने गोल काढू नका, वेळेने काढा. ७ किलोमीटरवरचा पण आडवळणाचा भाग १८ किलोमीटरवरच्या थेट लाइनच्या भागापेक्षा लांब पडू शकतो. या यादीतून बजेटमध्ये बसणारे तीनच एरिया ठेवा. दहा ठेवलेत तर एकही नीट बघून होत नाही.

शहरातल्या भाड्यामागचं साधं कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ च्या सुमारास मांडलं: मध्याजवळ राहणारा पैशात मोजतो, लांब राहणारा वेळेत मोजतो. त्यामुळे चांगल्या जागी असूनही आजूबाजूपेक्षा स्वस्त असलेला एरिया दिसला की खूश होण्याआधी कारण शोधा. कारण असतंच. प्रश्न इतकाच की ते कारण तुम्हाला नडणारं आहे का.

काही कारणं तुम्हाला अजिबात नडत नाहीत. जवळ नावाजलेली शाळा नाही म्हणून कुटुंबवाले तिथे जात नाहीत, तुम्ही एकटे आहात, तुम्हाला काय फरक पडतो. बिल्डिंग जुनी आहे, लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. स्टेशनच्या 'चुकीच्या' बाजूला आहे, म्हणजे दुकानं साधी आहेत, मॉल नाही, पण चालायचं अंतर तेवढंच. अशा ठिकाणी खरा फायदा मिळतो आणि माझा कायम सल्ला असतो की प्रसिद्ध एरियाच्या सीमेला लागून असलेला, वेगळ्या नावाचा एरिया बघा, गाडी तीच, बाजार तोच, पण नाव वेगळं म्हणून भाडं कमी.

काही कारणं मात्र रोज नडतात. जोराच्या पावसात पाणी साचतं, विमानं डोक्यावरून जातात, शेजारी मोठं बांधकाम आहे, कचरा डेपो वाऱ्याच्या दिशेला आहे, पाणी ठरावीक वेळीच येतं, किंवा रात्री रस्ता सुनसान होतो. यातलं पाणी साचणं आणि बांधकाम या दोन गोष्टी घर बघायला जाता त्या कोरड्या, रविवारच्या दिवशी कळतच नाहीत. एरियाचं नाव टाकून मागच्या दोन-तीन वर्षांच्या बातम्या शोधा. गूगल स्ट्रीट व्ह्यू असेल तर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात, शेजारचा मोकळा प्लॉट आता पत्र्याने झाकलेला दिसला तर पुढची दोन-तीन वर्षं ड्रिलचा आवाज आहे असं समजा.

होऊ घातलेल्या मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नका. 'पुढच्या वर्षी सुरू होणार' असं ब्रोकर सांगतो, तोपर्यंत तुमचं अ‍ॅग्रीमेंट संपलेलं असतं आणि मधल्या काळातली खोदकामाची धूळ तुम्ही खाल्लेली असते. आज जी गाडी धावतेय तिच्यावर हिशोब करा.

५. एरियात तीन वेगवेगळ्या वेळी जा

एक चक्कर कामाच्या दिवशी सकाळी, एक रात्री दहाच्या पुढे, एक सुट्टीच्या दिवशी. फ्लॅट बघायचा नाही, नुसतं फिरायचं. स्टेशन ते ती गल्ली असं चालत जा, दिवे चालू आहेत का, फुटपाथ आहे का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, बायका एकट्या चालताना दिसतात का. रात्री एकटीने परत यायचं असेल तर हे शेवटचे दहा मिनिटांचं चालणंच एरिया ठरवतं, बाकीचा प्रवास कितीही सुखाचा असू दे.

रोजच्या गरजेचं काय काय पायी अंतरात आहे ते बघा: किराणा, भाजी, औषधाचं दुकान, एक दवाखाना, एटीएम, स्वयंपाक न करणाऱ्यांसाठी परवडणारी खाणावळ. जिम किंवा कॅफे नसला तरी चालतं, औषधाचं दुकान नसेल तर ताप आलेल्या रात्री फार वाईट वाटतं.

माणसांना विचारा. दुकानदार, वॉचमन, मुलाला घेऊन जाणारे आईवडील. 'इथे कसं आहे' असा प्रश्न विचारला की 'छान आहे' एवढंच उत्तर येतं, म्हणून नेमकं विचारा: मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं, वीज शेवटची कधी गेली होती, रात्री गाड्यांचा आवाज किती वाजेपर्यंत असतो.

आवाजाकडे नवीन माणसं दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात रात्री घराबाहेरचा सरासरी आवाज ४० डेसिबलपेक्षा जास्त नसावा असं म्हटलंय. मोठ्या शहरात इतकी शांतता मिळणं अवघड, पण फोनवर डेसिबल मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप टाकून दोन-तीन गल्ल्यांची तुलना करता येते. आकडा अचूक नसला तरी कुठली गल्ली जास्त गोंगाटाची ते कळतं. हमरस्त्यापासून एक गल्ली आत गेलं तरी खूप फरक पडतो.

६. घर मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्या

काही मालक बाहेरगावच्यांना, एकट्या मुलींना, लग्न न झालेल्यांना, विशिष्ट धर्माच्या किंवा भाषेच्या लोकांना घर देत नाहीत. हे चूक आहे, कित्येक ठिकाणी बेकायदेशीरही आहे, पण घडतं, आणि अर्धा दिवस प्रवास करून गेल्यावर दारात नकार ऐकायला मिळाला की माणूस मनाने खचतो. म्हणून पहिल्याच फोनवर आपण कोण, किती जण, काय करतो, पाळीव प्राणी आहे का, पाहुणे येणार का, हे सांगून टाका आणि त्यांच्या अटी विचारा. दोन-चार ठिकाणी नकार आला तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका, पुढचा नंबर लावा.

७. फ्लॅट बघताना

दिवसा उजेडी जा. रात्री ट्यूबलाइटमध्ये सगळी घरं सारखीच दिसतात.

ओल हा सगळ्यात मोठा मुद्दा. मालक घर दाखवण्याआधी रंग मारतो, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. खोलीच्या चार भिंतींपैकी एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तिथेच थांबा. तळहात भिंतीला लावा, शेजारच्या भिंतीपेक्षा ती गार आणि किंचित चिकट लागते का बघा. कपाट उघडून आत डोकं घाला, आतल्या कोपऱ्यात रंग मारायचं कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर बाहेरच्या नव्या रंगाचा काही उपयोग नाही. सिंकखालचं दार उघडा, पाइपाच्या जोडाला बोट लावा, खालची फळी फुगलेली आहे का बघा. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेली बेडरूमची भिंत खालपासून वीतभर उंचीपर्यंत नीट तपासा, पाणी झिरपतं ते बहुतेक तिथेच दिसतं.

मग पाणी. शॉवर, बेसिनचा नळ आणि फ्लश एकाच वेळी सोडा, धार किती कमी होते ते बघा. गरम पाणी यायला किती वेळ लागतो तेही.

बेडरूममध्ये जाऊन दार लावा आणि तिथून एक फोन करा, नेट चालतंय का बघा. हॉलमध्ये रेंज असते आणि आत गायब होते असं जाड भिंतींच्या घरात सर्रास होतं. घरून काम असेल तर कुठल्या कंपनीचं ब्रॉडबँड या बिल्डिंगमध्ये येतं ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला बऱ्याचदा माहीत नसतं.

खिडक्या उघडून आणि बंद करून बघा, बंद केल्यावर बाहेरचा आवाज कमी होतो का. फोनवरच्या होकायंत्राने दिशा बघा, पश्चिमेच्या खिडक्या असतील तर दुपारनंतर ऊन थेट आत येणार. सगळ्यात वरचा मजला असेल तर छत तापतं हे धरून चाला. प्लग पॉइंट किती, आणि हवे तिथे आहेत का. आणि निघताना एकदा जिन्याने खाली या, जिना, कचरा आणि मीटरच्या पेट्या यांची अवस्था बघितली की बिल्डिंग कशी सांभाळतात ते लक्षात येतं.

प्रत्येक घराचे फोटो आणि दोन ओळी लगेच लिहून ठेवा. पाचवं घर बघेपर्यंत दुसऱ्याचं बाथरूम कसं होतं ते आठवत नाही.

८. फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

महागड्या शहरात घर शोधणारा घाईत असतो आणि फसवणारे नेमका त्याच घाईचा फायदा घेतात.

भाडं आजूबाजूपेक्षा एकदम कमी, फोटो मासिकातल्यासारखे, आणि मालक म्हणतो मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल. घर प्रत्यक्ष आतून बघितल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही, कारण काहीही असो. फोटो गूगल लेन्सवर टाकून शोधा, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या हॉटेलच्या पानावर निघतात.

'अजून तिघं जण बघून गेलेत, आजच टोकन द्या.' कधी हे खरंही असतं, पण टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, देण्याआधी ते परत मिळणार की नाही, कुठल्या अटीवर, हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी शब्दाला नंतर काही किंमत राहत नाही.

जो भाडं घेतोय तो खरंच मालक आहे का? घराचे कागद, टॅक्सची पावती किंवा वीजबिल, आणि त्याचं ओळखपत्र, यावरची नावं जुळवून बघा. आधीचा भाडेकरूच परस्पर घर देत असेल तर मालकाची लेखी संमती मागा. पैसे नेहमी मालकाच्या खात्यात, रोख दिले तर सहीची पावती.

ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा की कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली. घर बघायच्या आधीच कोणी पासपोर्टची किंवा बँक स्टेटमेंटची प्रत मागत असेल तर देऊ नका.

९. कागदपत्रं तयार ठेवा, अ‍ॅग्रीमेंट वाचा

चांगलं घर एक-दोन दिवसांत जातं, त्यामुळे हे सगळं एका फोल्डरमध्ये आधीच हवं:

ओळखपत्र, आणि परदेशात असाल तर पासपोर्ट आणि व्हिसा
नोकरीचं ऑफर लेटर किंवा कॉलेजचं अ‍ॅडमिशन लेटर
मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप किंवा बँक स्टेटमेंट
आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र, असेल तर
पासपोर्ट साइज फोटो
पगार नवीन असेल तर हमी देणाऱ्या व्यक्तीची माहिती, काही शहरांत याशिवाय कोणी दारात उभं करत नाही

डिपॉझिट आणि ब्रोकरचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून त्या शहराच्या सरकारी साइटवर जाऊन स्वतः वाचा. जर्मनीत डिपॉझिट बिलं सोडून तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत देता येतं. इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक भाडेकरूंसाठी ही मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याची आहे. न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ पासून ब्रोकर ज्याने नेमला त्यानेच त्याची फी द्यायची. असे नियम माहीत नसतील तर समोरचा मागेल ते देऊन आपण मोकळे होतो.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये एवढं तरी शोधून वाचाच: नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, लॉक-इन किती महिने, मध्येच सोडलं तर काय द्यावं लागेल, भाडं कधी आणि किती वाढणार, मोठी दुरुस्ती कोणाकडे, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशाकशाचे पैसे कापणार. 'रंगाचे पैसे कापले जातील' असं मोघम लिहिलेलं असेल तर आकडा लिहून घ्या. तोंडी कबूल केलेल्या गोष्टी, म्हणजे गीझर बदलून देतो, जाळी लावून देतो, याही त्यात तारखेसकट आल्या पाहिजेत. सही झाल्यावर मालकाचा उत्साह कमी होतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

१०. शेअरिंगमध्ये राहणार असाल तर

पहिल्या वर्षी शेअरिंग हा बहुतेकांसाठी सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे, चांगल्या एरियात राहायला मिळतं आणि शहरात चार माणसं ओळखीची होतात. फक्त अ‍ॅग्रीमेंटवर तुमचं नाव आहे का ते बघा, नाव नसेल तर कधीही निघायला सांगतील. एकाने सोडलं तर त्याचा वाटा कोण भरणार हे आधी ठरवा. आणि भावी फ्लॅटमेटला झोपायची वेळ, स्वयंपाक, सिगरेट, पाहुणे आणि साफसफाई याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा, संकोच करू नका, तेही मनातल्या मनात हेच प्रश्न घेऊन बसलेले असतात.

११. चावी हातात आल्यावर

सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा पूर्ण व्हिडिओ काढा, भिंतीवरचे डाग, तुटलेली टाइल, फर्निचरवरचे ओरखडे जवळून दाखवत. वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे रीडिंग फोटोत घ्या. हे सगळं त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा म्हणजे त्यावर तारीख राहते, वर्षाने डिपॉझिट परत घेताना हाच पुरावा लागतो. घराच्या किती चाव्या आहेत आणि बाकीच्या कोणाकडे आहेत ते विचारा, मालकाची हरकत नसेल तर लॉक बदलून घ्या आणि जुनं जपून ठेवा, सोडताना परत लावायला लागेल. बँक, ऑफिस आणि मोबाइल कंपनीकडे नवा पत्ता द्या, आणि नोटीस द्यायची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवा, ती तारीख एका दिवसाने हुकली तरी कित्येक अ‍ॅग्रीमेंटमध्ये पुढच्या महिन्याचं भाडं द्यावं लागतं.